किल्ली ऑफलाइन, पण कागद देव्हाऱ्यात: हार्डवेअर वॉलेट, २४ शब्द आणि आपला पावसाळा

परळकर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा मोठा भाऊ गेला. झोपेतच. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी त्याचं टेबल आवरायला बसली, तेव्हा पासबुकांच्या खाली पेनड्राइव्हएवढं एक यंत्र सापडलं. छोटा पडदा, दोन बटणं. पुतण्याने ते लॅपटॉपला लावलं, त्याने पिन मागितला. पुतण्याने स्वतःची जन्मतारीख टाकली, मग आईची, मग आईबाबांच्या लग्नाची. तिसऱ्यांदा चुकल्यावर यंत्राने स्वतःला कोरं करून टाकलं. त्यानंतर मला फोन आला, "काका, माझ्या हातून बाबांचं सगळं गेलं." पोरगा हुंदके देत होता.

गेलं नव्हतं. तेच त्याला आधी समजावलं आणि इथेही आधी तेच लिहितो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ते यंत्र म्हणजे हार्डवेअर वॉलेट, दादाचं बिटकॉइन सांभाळायला घेतलेलं. पण बिटकॉइन त्या यंत्रात नसतं. ते जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या एकाच खातेवहीत असतं. यंत्रात असते फक्त सही करायची किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की. ही किल्ली म्हणजे २५६ बिटांचा एक प्रचंड आकडा. व्यवहार करायचा झाला की संगणक तो व्यवहार यंत्राकडे पाठवतो, यंत्र आतल्या आत सही करतं आणि बाहेर फक्त सही येते. लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी त्याला सही दिसते, किल्ली दिसत नाही. २०१४ साली प्रागमधल्या मंडळींनी ट्रेझर नावाचं असं यंत्र बाजारात आणलं, ते याच कल्पनेवर. पुढे लेजर, कोल्डकार्ड वगैरे आली.

यंत्र मोडलं, हरवलं, कोरं झालं तर काय? पहिल्यांदा सुरू करताना ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं आणि कागदावर लिहून घ्यायला सांगतं. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. सगळ्या किल्ल्या त्या शब्दांमधूनच निघतात. शब्द हातात असले तर नवीन यंत्र आणा, शब्द भरा, सगळं जसंच्या तसं परत.

म्हणून आम्ही शब्द शोधायला लागलो. पंधरा दिवस घर पालथं घातलं. शेवटी कागद मिळाला तो देव्हाऱ्याखालच्या खणात, सत्यनारायणाच्या पोथीत. दादाने निळ्या जेल पेनने १ ते २४ आकडे घालून, त्याच्या त्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं. दादाचं घर तळमजल्यावर आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना हात लावला की ओल लागते. पोथीची पानं एकमेकांना चिकटली होती आणि घडीवर जिथे ओल बसली तिथे शाई पसरली होती. २२ शब्द वाचता आले. सातव्या जागी नुसता निळा डाग. अठराव्या शब्दाची पहिली दोन अक्षरं दिसत होती, एस आणि टी.

यापुढचं जरा सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सातव्या जागी यादीतला कुठलाही शब्द असू शकतो, म्हणजे २०४८ शक्यता. एस-टीने सुरू होणारे शब्द यादीत तीसेक आहेत. गुणाकार साठ-सत्तर हजारांच्या आसपास जातो. पण चोविसाव्या शब्दात थोडी पडताळणीची माहिती दडलेली असते, तिला चेकसम म्हणतात. २४ शब्दांच्या संचात तो ८ बिटांचा असतो, त्यामुळे साधारण २५६ जोड्यांमागे एकच नियमात बसते. म्हणजे उरल्या अडीचशेच्या घरातल्या जोड्या. दादाच्या ईमेलमध्ये एक्स्चेंजवरून, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या ॲपवरून, नाणी बाहेर काढल्याची पावती होती. त्यात ती जिथे गेली तो पत्ता होता, बँकेच्या खाते क्रमांकासारखा. प्रत्येक जोडीपासून पत्ते तयार करायचे आणि त्या पत्त्याशी ताडून बघायचे.

हे काम ऑनलाइन अजिबात करू नका. मी जुना लॅपटॉप घेतला, स्क्रू काढून त्यातलं वायफायचं कार्ड बाहेर काढलं, लागणारं सगळं पेनड्राइव्हवरून आत नेलं. प्रोग्राम नीट लिहायला अख्खा रविवार गेला, तो चालायला एक मिनिटही लागलं नाही. पत्ता जुळला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. वहिनी माझ्या खुर्चीमागे उभी होती. काही बोलली नाही, आत जाऊन तिने देवापुढे दिवा लावला.

दादाने किल्ली इंटरनेटपासून लांब ठेवली, ते योग्यच केलं. यंत्राने अनोळखी माणसाला आत घेतलं नाही, तेही त्याचं कामच होतं. कमी पडला तो कागद, आणि त्या कागदाबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं. चोरापासून किल्ली वाचवायची कशी यावर मराठीत थोडंफार लिहिलं गेलंय. ओल, वाळवी, आग आणि आपल्यामागे राहणारी माणसं यांचा विचार मात्र दिसत नाही, म्हणून हा धागा. तुम्ही काय करता, मोकळेपणी लिहा. मात्र किती रक्कम आहे आणि कुठे ठेवली आहे, हे कुणीही लिहू नका.

चाफेकळी

वाचून गलबलून आलं. वहिनींना नमस्कार सांगा.

एक साधा प्रश्न आहे, हसू नका. माझे चाळीसेक हजार एका ॲपमध्येच आहेत. मी पण यंत्र घ्यायला हवं का?

परळकर

चाफेकळीताई, हसण्यासारखं काहीच नाही, हाच प्रश्न आधी विचारायला हवा. ॲपमध्ये पैसे आहेत म्हणजे किल्ली त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे फक्त त्यांच्यावरचा दावा आहे. २०१४ मध्ये माउंट गॉक्स नावाचं एक्स्चेंज बुडालं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम चोरीला गेली आणि सामान्य माणसांचे पैसे कितीतरी महिने अडकून पडले.

तरी चाळीस हजारांसाठी मी घाई करणार नाही. यंत्राला काही हजार लागतात आणि शब्द सांभाळायची जबाबदारी आयुष्यभराची असते. जी रक्कम गेली तर झोप उडेल, तिथपासून यंत्राचा विचार करा. तोवर ॲपचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या.

दादर_सर्किट

यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. मी जुना अँड्रॉइड फोन वापरतो. फॅक्टरी रीसेट केला, सिम कधी घातलं नाही, ऑफलाइन सही करणारं ॲप मेमरी कार्डावरून टाकलं. रोजच्या फोनवर फक्त बघण्यापुरतं वॉलेट आहे, त्यात किल्ली नाही. व्यवहार तयार झाला की रोजचा फोन क्यूआर कोड दाखवतो, जुना फोन तो कॅमेऱ्याने वाचतो, सही करतो आणि परत क्यूआर दाखवतो. दोन्ही फोनमध्ये ना वायर ना ब्लूटूथ. चार वर्षं बिनघोर चाललंय. खर्च शून्य.

परळकर

पद्धत चांगली आहे, क्यूआरमध्ये काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. तीन गोष्टी मात्र बघा. एक, एअरप्लेन मोड म्हणजे ऑफलाइन नव्हे. घरातल्या कुणी सहज वायफाय चालू केलं की चार वर्षांची मेहनत गेली. दोन, जुन्या फोनची बॅटरी कपाटात पडून फुगते. सहा महिन्यांनी एकदा काढून बघत जा. तीन, आणि हे मोठं, तुमचे शब्द तयार कसे झाले? २०२३ मध्ये लिबबिटकॉइन नावाच्या सॉफ्टवेअरच्या एका साधनातली चूक उघड झाली. त्यातून निघणारे शब्द दिसायला अगदी नेहमीसारखे, पण मागचा यादृच्छिक आकडा फक्त ३२ बिटांचा. चोरांनी सगळ्या शक्यता मोजून काढल्या आणि पैसे उचलले. त्या लोकांनी किल्ली कितीही ऑफलाइन ठेवली असती तरी उपयोग नव्हता, मुळात किल्लीच अंदाज करण्याजोगी होती.

दादर_सर्किट

तिसरा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. मान्य. शब्द फाशाने तयार करता येतात ना?

परळकर

हो. काही यंत्रं आणि ॲप फाशाचे आकडे घेतात. साधा सहा बाजूंचा फासा, ९९ वेळा टाकायचा, तेवढ्यात २५६ बिट भरतात. १२ शब्दांसाठी ५० वेळा पुरे. मी लुडोचा फासा न घेता कडा धारदार असलेला चांगला फासा घेतला. एक आकडाही मनाने लिहायचा नाही. सलग तीन वेळा सहा पडला की हात आपोआप चौथ्या वेळी वेगळं लिहायला जातो, तो मोह आवरा.

मुलुंडवासी

खरेदीबद्दल थोडं. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन बाजारात तेच यंत्र हजार रुपये स्वस्त दिसतं, ते घेऊ नका. कंपनीच्या साइटवरून किंवा त्यांनी नेमलेल्या विक्रेत्याकडून घ्या. खोक्यात आधीच छापलेले किंवा खरवडून बघायचे २४ शब्द आले, तर ते यंत्र वापरूच नका. ते शब्द देणाऱ्याकडेही आहेत. खरं यंत्र तुमच्यासमोर, स्वतःच्या पडद्यावर शब्द तयार करतं.

आणि घरचा पत्ता देऊ नका, ऑफिसचा द्या. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांचा डेटा फुटला, दोन लाख सत्तर हजारांहून जास्त लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रं पोचली, सोबत "जुनं बदलून घ्या" अशी चिठ्ठी. किल्ल्या फुटल्या नव्हत्या, पण कुणाकडे काय असू शकतं याची यादी बाहेर गेली.

कोरा_कागद

मी शब्दांचा फोटो काढून, झिप करून, पासवर्ड लावून क्लाउडवर ठेवलाय. पुरात वाहून जाणार नाही, वाळवी लागणार नाही. यात काय वाईट?

परळकर

फोटो काढला त्या क्षणी तो गॅलरीत गेला आणि बहुधा आपोआप बॅकअपलाही गेला. झिप नंतर झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला. तो गॅलरीतले फोटो एकेक करून वाचतो, चित्रातली अक्षरं ओळखतो आणि असे शब्द सापडले की पाठवून देतो. अँड्रॉइडवर होता, आयफोनच्या ॲप स्टोअरमध्येसुद्धा शिरला होता.

कॅमेऱ्याने एकदा पाहिलेले शब्द मी फुटलेलेच धरतो. नवीन शब्द तयार करा, नाणी नव्या पत्त्यावर हलवा आणि जुना संच सोडून द्या. नुसता फोटो पुसून भागणार नाही. आजच करा.

कोरा_कागद

आज रात्री बसतो. धन्यवाद.

नाव_नको

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडे यंत्र होतं, शब्द लॅमिनेट करून ठेवले होते, सगळं नीट. एकदा एक व्यवहार अडकला म्हणून एका ग्रुपमध्ये विचारलं. पाच मिनिटांत एकाचा मेसेज आला, सपोर्टमधून बोलतोय, अतिशय सभ्य भाषा. त्याने एक पान दिलं, "वॉलेट सिंक करा." मी २४ शब्द टाइप केले. शेवटचा शब्द लिहिताना मनात आलं होतं की हे कशाला लागतंय? तरी एंटर दाबलं. चहा करून येईपर्यंत खातं रिकामं. नवऱ्याला सांगायला मला चार महिने लागले.

यंत्र ऑफलाइन होतं. मीच ते शब्द ऑनलाइन नेले.

परळकर

ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे सांगणं किती अवघड असतं याची कल्पना आहे. लाज वाटून घेऊ नका, ही माणसं दिवसभर हेच करतात. कुणाच्या बाबतीत नुकतंच झालं असेल तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, पत्ते आणि व्यवहाराचा क्रमांक जोडून.

सगळ्यांनी एवढं घट्ट धरा: हे शब्द फक्त यंत्राच्या स्वतःच्या बटणांनी, यंत्राच्याच पडद्यावर भरायचे. कीबोर्डवर, फोनवर, वेबपानावर कधीच नाही. कुठल्याच सपोर्टला ते लागत नाहीत.

शिवडी_बंदर

यंत्राच्या पडद्यावरून आठवलं. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजमधून दीड अब्ज डॉलरच्या आसपास गेले. त्यांच्या किल्ल्याही हार्डवेअर वॉलेटमध्येच होत्या. चोरांनी संगणकावर दिसणारं पान बदललं होतं, नेहमीचाच व्यवहार आहे असं दाखवलं आणि अधिकाऱ्यांनी यंत्रावर न कळणारा मजकूर मंजूर केला. तेव्हा पैसे पाठवताना पत्ता संगणकावर बघू नका, यंत्राच्या पडद्यावर वाचा. पहिली-शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, सारख्या दिसणाऱ्या पत्त्यांचीही फसवणूक चालते. मोठ्या रकमेआधी थोडीशी पाठवून बघतोच.

आता कागदाबद्दल. परळकर, तुम्ही स्वतः काय करता?

परळकर

स्टील. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कशीट, आईबाबांच्या लग्नाचा अल्बम, सगळा लगदा झाला. वाचलं काय, तर आईची भांडी. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं, कुणी दिलं, कधी दिलं. १९७४ चा एक डबा आहे, त्यावरचं आजीचं नाव आजही बोटाला लागतं. दादाचा तो कागद हातात धरला तेव्हा मला तो डबाच आठवला.

नागदेवी स्ट्रीटवर अक्षरांच्या पंचांचा संच मिळतो, ए ते झेड, पोलादी. दोन मिलिमीटर जाड स्टीलची पट्टी कापून घेतली, ३१६ ग्रेडची, ती खाऱ्या हवेत साध्या स्टीलपेक्षा चांगली टिकते. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे २४ शब्दांसाठी ९६ च्या आत अक्षरं ठोकायची. खाली लाकडी पाट न ठेवता लोखंडी ठोकळा ठेवा, नाहीतर ठसा उथळ येतो. एका अक्षराला एकच घाव, दुसरा घातला की अक्षर दुहेरी दिसतं. आधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवला. दुपारी जेवणं झाल्यावर ठोकायला बसलो, खालच्या काकूंना आधी सांगून ठेवलं होतं.

भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्याकडून मात्र हे करून घेऊ नका. माणूस कितीही ओळखीचा असो.

वरळी_सीफेस

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तर?

परळकर

एक पट्टी ठेवायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, जानेवारी २०२२ पासून, चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट इतकीच आहे. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तेवढीही नाही. म्हणून दोन पट्ट्या, दोन जागी. आणि दोन्ही जागा एकाच नाल्याच्या काठी नकोत.

ज्यांना भीती वाटते की पट्टी सापडली की सगळं गेलं, त्यांच्यासाठी पासफ्रेज असतो, शब्दांच्या पलीकडचा आपला स्वतःचा शब्द. पण तो विसरलात तर कुणीही सोडवू शकत नाही. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्स यांची बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ पासून कचऱ्याच्या डेपोत आहे, स्टीफन थॉमस यांच्या ७००२ बिटकॉइनच्या पेनड्राइव्हचा पासवर्ड गेलाय. चोर नव्हता, तरी हाती काही नाही. माझ्या मते घरच्यांसाठी ठेवायच्या पैशाला पासफ्रेज लावू नये. ज्यांना पटत नाही त्यांनी तो वेगळ्या जागी, तितक्याच टिकाऊ वस्तूवर लिहून ठेवावा.

हिशोबनीस

मी कर सल्लागार आहे, थोडक्यात लिहितो. एक्स्चेंजवरून स्वतःच्याच यंत्रावर नाणी हलवणं म्हणजे विक्री नव्हे. पण विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के, १ एप्रिल २०२२ पासून. १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून. खरेदीची किंमतच वजा करता येते, म्हणून कधी, कितीला घेतलं याचा कागद जपा. ॲप बंद पडलं की स्टेटमेंटही जातं, वेळेत उतरवून घ्या. विवरणपत्रात यासाठी वेगळी अनुसूची आहे, ती भरा.

मृत्युपत्रात मालमत्तेचा उल्लेख जरूर करा, शब्द त्यात लिहू नका. मृत्युपत्र बऱ्याच हातांतून जातं. "अमुक ठिकाणी स्टीलची पट्टी आहे, अमक्या माणसाच्या मदतीने उघडा," एवढं वेगळ्या पाकिटात.

परळकर

हेच मी वहिनीच्या घरी केलं. एका पाकिटात मराठीत एक पान, तिला कळेल अशा शब्दांत. यंत्र कुठलं, पट्ट्या कुठे, कुणाला बोलवायचं आणि कुणालाही शब्द फोनवर सांगायचे नाहीत.

चाफेकळी

पण त्यांना ते जमेल का? माझ्या आईला मी असं पान दिलं तर ती बाजूला ठेवून देईल.

परळकर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि काल रविवारी दादाच्या घरी गेलो. नवीन यंत्र आणलं होतं, त्यात हजारेक रुपयांचंच बिटकॉइन टाकलं. शब्दांची पट्टी आधीच ठोकून ठेवली होती. वहिनीच्या हातात यंत्र दिलं आणि म्हटलं, मुद्दाम तीन वेळा चुकीचा पिन टाक. तिचा हात थरथरत होता. यंत्र कोरं झालं. मग तिच्यासमोर पाकीट ठेवलं आणि मी आणि पुतण्या खिडकीपाशी जाऊन बसलो, मध्ये बोलायचं नाही असं ठरवून.

तिला चाळीस मिनिटं लागली. पट्टी चष्म्याजवळ धरून एकेक शब्द, दोन बटणांनी. अकराव्या शब्दाला अडली, पट्टीवरचा माझा ओ तिला क्यूसारखा दिसत होता. तो मी आज परत ठोकला. चोविसावा शब्द भरल्यावर पडद्यावर पत्ता आला, तो तिने पाकिटातल्या पानाशी अक्षरन् अक्षर लावून बघितला आणि पुतण्याला हाक मारली, "ये रे, बघ, आलं परत."